वाट बघण्याची खोली

परकारचाचांचा उजवा बूट पायात कमी आणि हातात जास्त असायचा. उत्खननाच्या कुठल्याही नव्या खड्ड्यात उतरले की ते आधी तो बूट काढत, मोजा आत खुपसत आणि अनवाणी पाऊल मातीवर ठेवून डोळे मिटून उभे राहत. मग म्हणत, "ही वाऱ्यानं आणलेली. अजून खाली जावा." नाहीतर, "थांबा. इथं माणसं चालली हायत." आणि बहुतेक वेळा माणसं खरंच चाललेली असायची. थापीनं अलगद वरची माती सारली की खाली तुडवून घट्ट झालेली, राखेनं काळपट पडलेली जमीन निघायची.

या बुटावरून सेफ्टीवाल्या साहेबाशी त्यांचं एकदा चांगलंच वाजलं होतं. साहेबानं तोंडी समज दिली, मग लेखी दिली. चाचांनी त्या कागदावर झोकदार सही केली आणि म्हणाले, "साब, बूट पाँव के लिए है, मालूम है. लेकिन ये मेरा पाँव ही तो मेरा औजार है." शेवटी तडजोड झाली. खड्ड्यातली हत्यारं वर ठेवायची, सगळी माणसं बाहेर काढायची आणि मगच चाचांनी एक पाय मोकळा करायचा. त्यामुळं दिवसातून चार-पाच वेळा सगळं काम थांबे आणि पंधरा माणसं काठावर ओळीनं उभी राहून एका माणसाच्या तळपायाकडं बघत राहत. सेफ्टीवाला साहेबसुद्धा.

मी मूळची नाशिकची. नवरा आखातात, रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्टमध्ये, मुलगी इंग्रजी शाळेत, आणि मी शहरात मदिनत खलीफा वस्तीतल्या घरात दिवसभर एकटी. ड्रॉइंगचा डिप्लोमा लग्नाच्या फोटोंबरोबर बॅगेत पडून होता. मग कुणीतरी सांगितलं, उत्तरेच्या किनाऱ्यावर एका ओसाड गावाचं उत्खनन चाललंय, खापरांची चित्रं काढायला माणूस हवंय, फक्त हिवाळ्यापुरतं. मी अर्ज केला आणि लागले.

पहिल्याच सकाळी मी तंबूबाहेर उभी राहून फोनवर मुलीला ओरडत होते, "डबा ओट्यावरच राहिलाय बघ, विसरू नकोस!" पलीकडून "ओके आई, आय नो" असं उत्तर आलं. फोन ठेवला तर समोर एक उंच, वाळका माणूस उभा. डोक्याला चौकड्याचा रुमाल, पांढरी दाढी, एका हातात बूट.

"नाशकाकडच्या काय तुम्ही, बाय?" त्यांनी विचारलं.

"कसं ओळखलंत?"

"ओरडण्यावरनं. आमच्या रत्नागिरीकडं ओरडतात ते गाण्यावर जातं."

तेव्हापासून मी त्यांची 'बाय' झाले आणि ते माझे चाचा. ते इथं पहिल्यांदा आले ते गवंडी म्हणून. अल दुहैलमधल्या कितीतरी घरांच्या भिंती त्यांच्या हातच्या. पुढं जुन्या मातीच्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका तुकडीत गेले. तिथं कुणाच्या तरी लक्षात आलं की पडलेली भिंत आणि नुसता दगडांचा ढीग यातला फरक या माणसाला लांबून कळतो. तिथून ते उत्खननाचे फोरमन झाले. याहून जास्त त्यांनी स्वतःबद्दल कधी सलग सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आम्ही खणत होतो ते गाव मोत्यांवर जगलेलं. उन्हाळ्याचे चार महिने समुद्रातून शिंपले काढायचा हंगाम असे. तेव्हा वाळवंटातून आणि समुद्रापलीकडून शेकडो माणसं तिथं येत. कुणी पाणबुडे, कुणी त्यांचे दोर ओढणारे. हंगाम संपला की निघून जात. गावात मोठ्या व्यापाऱ्यांचे वाडेही होते आणि आमच्या संचालिका डॉक्टर मार्टा यांचं सगळं लक्ष त्या वाड्यांवर होतं. चुन्याची नक्षी, चिनी मातीच्या बशा, भिंतीतले कोनाडे. मला चित्रं काढायला तिथलंच सामान मिळायचं.

आमचे मजूरही हंगामापुरतेच. उन्हाळ्यात तिथं खणणं शक्यच नाही, म्हणून ते नोव्हेंबरात येत आणि मार्च सरला की कंपनी त्यांना दुसरीकडं पाठवी. नेपाळचे, बिहारचे, बंगालकडचे मिळून चौदा जण. रोजच्या कामाचा एक छापील तक्ता असायचा. त्यात खड्ड्याचा नंबर, खोली, मातीचा रंग आणि शेवटी 'लेबर' असा एक रकाना. सगळे फोरमन तिथं आकडा लिहीत. चाचा नावं लिहीत. त्या एवढ्याशा चौकोनात बारीक अक्षरात चौदाच्या चौदा नावं. जागा पुरली नाही तर कागदाच्या पाठीमागे.

डॉक्टर मार्टांनी एकदा विचारलं, "परकार, आकडा पुरे आहे. एवढा वेळ कशाला घालवतोस?"

चाचा म्हणाले, "मॅडम, तुम्ही दोनशे वर्षांपूर्वीचा एक मडकं बनवणारा कोण होता म्हणून डोकं फोडून घेता. इथं तर माणूस समोर उभा हाय."

दुसऱ्या आठवड्यात नवा तक्ता छापून आला. त्यात तो रकाना अर्धं पान मोठा होता.

चाचा कामावर कडक होते. कुणी टिकाव जोरात मारला की लांबून हाक यायची, "अरे रामविलास, दुश्मनी है क्या?" उगाच बडबड चालली की "खलास!" एवढा एकच शब्द. पण दहा वाजता चहाची सुट्टी झाली की मार्टाबाई जरी खड्ड्यात उभ्या असल्या तरी ते शिट्टी वाजवत. त्या पंधरा मिनिटांत त्यांनी कधी कुणाला घमेलं उचलू दिलं नाही. स्वतः मात्र उभेच राहत. मी त्यांना त्या जागेवर कधी बसलेलं पाहिलं नाही. चहासुद्धा उभ्यानं.

माझ्या दुसऱ्या हंगामातली गोष्ट. फेब्रुवारी संपत आला होता. गावाच्या समुद्राकडच्या टोकाला, वाड्यांपासून लांब, एक पाण्याची लाईन जायची होती. ती जागा एकदा तपासून 'इथं महत्त्वाचं काही नाही' अशा कागदावर मार्टाबाईंनी सही केली की कंत्राटदार रविवारी मशीन लावणार होता. चाचांनी चार माणसं घेऊन तिथं सोमवारी एक लांबट खड्डा घेतला. एका खोलीच्या तीन भिंती निघाल्या. साध्या, ओबडधोबड, समुद्राच्या दगडाच्या. मार्टाबाई आल्या, वरून पाहिलं आणि म्हणाल्या, "गोदाम. होड्यांचं सामान ठेवत असतील. फोटो घ्या आणि बंद करा."

चाचा खाली उतरले. बूट काढला. या खेपेला ते नेहमीपेक्षा बराच वेळ उभे राहिले. दारातून आत गेले, परत दाराशी आले, भिंतीच्या कडेनं चालले.

"मॅडम, गोदामात माणूस सामान ठेवतो आणि जातो. इथं जमीन भिंतीच्या कडेला जास्त तुडवलेली हाय. मधे कमी. इथं माणसं कडेनं बसायची."

"परकार, मी पायाच्या तळव्यावर अहवाल लिहू शकत नाही."

"मग डोळ्यानं बघा. चला माझ्याबरोबर."

ते मार्टाबाईंना घेऊन निघाले, मागोमाग वही घेऊन मी. मला वाटलं कुठली तरी दुसरी भिंत दाखवणार. पण ते आम्हांला घेऊन गेले आमच्या मजुरांच्या चहाच्या जागेवर. एक पत्र्याचं छप्पर, त्याखाली दोन फळ्या. सगळे कामावर होते, जागा रिकामी होती.

"इथं काय दिसतं?" चाचांनी विचारलं.

"कचरा," मार्टाबाई म्हणाल्या.

"कुठं हाय कचरा?"

मग आम्ही पाहिलं. छपराखाली काहीच नव्हतं, जमीन झाडल्यासारखी स्वच्छ. कागदी कप, खजुराच्या बिया, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं हे सगळं एकाच बाजूला, छपराच्या बाहेर, हातानं फेकल्यावर पडेल एवढ्या अंतरावर. आणि ती बाजू रस्त्याची होती.

"बस तिकडनं येते," चाचा म्हणाले. "माणूस वाट बघत बसला की तिकडंच तोंड करतो. पितो, आणि हातातलं समोर टाकतो. आता त्या खोलीत चला. दाराच्या बाहेर, समुद्राच्या अंगाला, मी दोन हात जागा काढली हाय. बायनं खापरं बघितली की सांगेल."

मी त्या दिवशी दुपारी ती खापरं धुतली. जवळजवळ सगळी फिंजानांची निघाली. फिंजान म्हणजे कोऱ्या कॉफीचा तो कान नसलेला चिमुकला पेला. आणि तंबाखूच्या मातीच्या चिलमींचे तुकडे. एका गोदामाच्या दारात एवढे फुटके पेले कोण टाकील? मी तुकडे ट्रेमध्ये मांडून मार्टाबाईंपुढं ठेवले. त्यांनी एकेक उचलून पाहिला, चष्मा काढला, पुसला.

"ही कल्पना चांगली आहे, परकार," त्या म्हणाल्या, "पण लाईन हलवायला सांगायची तर मला आतली जमीन उघडी हवी. पुरावा हवा. फक्त दाराबाहेरचा कचरा चालणार नाही."

मंगळवार, बुधवार वाऱ्यानं खाल्ले. वाळू अशी उडत होती की दोन हातांवरचं दिसत नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी खोलीतली अर्धी माती अजून तशीच होती. शुक्रवार आठवड्याच्या सुट्टीचा. हातात उरला शनिवार, आणि रविवारी सकाळी मशीन. मार्टाबाई म्हणाल्या, "उद्या काम करू. माणसांना सुट्टी नंतर कधीतरी बदलून देऊ."

"शुक्रवारी नाय," चाचा म्हणाले.

"परकार, ही तुझी खोली आहे! तूच माझ्याशी भांडलास तिच्यासाठी."

"व्हय. पण शुक्रवार माझा नाय. त्यांचा हाय."

"एक शुक्रवार!"

मी चाचांचा आवाज चढलेला तेव्हा पहिल्यांदा ऐकला. चढला म्हणजे मोठा झाला नाही, बारीक झाला. "मॅडम, त्या खोलीतली माणसं गेली. त्यांना आता घाई नाय. ह्यांना आठवड्यात एकच दिवस मिळतो. रामविलासचा फोन दहा वाजता लागतो, कारण त्याची बायको दहालाच शेजारणीकडं येऊन बसते. मी त्याला काय सांगू, नंतर बदलून बोल?"

मार्टाबाई तडक त्यांच्या गाडीकडं निघून गेल्या. मी चाचांशेजारी उभी होते. समुद्राकडं बघत ते म्हणाले, "दुहैलला घरं बांधत होतो तेव्हा आम्हांला शुक्रवार पण नव्हता, बाय. कधीमधी फोन व्हायचा. एकदा माझ्या मुलीनं उचलला. चार वर्षांची होती. ओरडून म्हणाली, 'अम्मी, कुणी माणूस हाय.'" त्यांनी बुटातली वाळू झटकली. "काय ता बोलायचं त्याच्यावर. उद्या मी एकटा येतो. मला कोण अडवतंय?"

शुक्रवारी सकाळी मी नवऱ्याला उठवलं, मुलीला त्याच्या हवाली केलं आणि त्यानंच मग आम्हां दोघींना गाडीत घालून मला तिथं सोडलं. चाचा आधीच खड्ड्यात होते. आणि त्यांच्यामागे ढकलगाडी ओढत होत्या मार्टाबाई. काल रागावून गेल्या होत्या, आज हातमोजे घालून हजर. दोघांचं आपसात काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. चाचा त्यांनाही रामविलाससारखंच हाकत होते, "हळू, मॅडम, हळू. दुश्मनी नाय." आणि आमच्या संचालिका मान हलवून हळू होत होत्या.

साडेदहाला चाचा नमाजाला जवळच्या गावात गेले आणि पांढरंशुभ्र घालून परत आले. तंबूत कपडे बदलले, पुन्हा खाली. दुपारपर्यंत मी चाळणीवर होते, माझे हात भरून आले होते. मधोमध चूल निघाली, राखेनं भरलेली. भिंतीच्या कडेनं दगडाचा बुटका ओटा निघाला, बसून बसून गुळगुळीत झालेला. मार्टाबाई ताठ उभ्या राहिल्या आणि हसत ओरडल्या, "परकार, हे तर सलून आहे!"

चाचा गोंधळले. "सलून? वस्तरा कुठं मिळाला?"

मग मार्टाबाईंनी समजावलं की त्यांच्या बोलण्यात बंदरावरच्या खलाशांच्या बैठकीच्या जागेला, जिथं माणसं पीत, गप्पा मारत, तिलाही सलून म्हणतात. चाचांनी विचार केला. "मग बरोबर हाय. आमच्या कॅम्पाजवळच्या सलूनमध्ये पण केस कापायला एक जण येतो आणि बसायला दहा."

तीन वाजून गेले असतील. चाचा ओट्याच्या टोकाशी ब्रशनं वाळू सारत होते आणि एकदम थांबले. मी चाळण टाकून गेले. ओट्यापुढच्या चुन्याच्या जमिनीत खळगे होते. पेरूएवढे, सारखे, दोन ओळी. एका ओळीत सात. आत बोटांनी घासून घासून चकाकी आली होती.

मार्टाबाई गुडघ्यांवर बसल्या. "खेळाचा पट," त्या कुजबुजल्या.

चाचांनी एका खळग्यात बोट घातलं आणि पुढच्यात, मग पुढच्यात. "आमच्या बंदरात धक्क्याच्या दगडावर हेच हाय," ते म्हणाले. "चिंचोके घालून खेळतात. होडी कधी सुटणार, हवा कधी पडणार, काही ठाऊक नसतं तेव्हा. लहानपणी मला वाटायचं हे आमच्याच गावात हाय." त्यांच्या दाढीवरून घामाचा की कशाचा एक थेंब चुन्यावर पडला. त्यांनी तो रुमालानं लगेच टिपून घेतला, जमीन खराब होऊ नये म्हणून.

मी त्या पटाचं चित्र काढलं. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत चांगलं काम असेल. उजेड जाईपर्यंत चाचा माझ्या कागदावर सावली पडणार नाही अशा बेतानं दोरी आणि टेप धरून उभे होते.

शनिवारी माणसं आली. ताजी हजामत केलेली, धुतलेले कपडे. चाचांनी त्यांना आधी ती खोली दाखवली, कामाला नंतर लावलं. चौदाही जण काठावर उभे राहिले. रामविलास खाली वाकून ओटा बघत राहिला, चूल बघितली, पट बघितला आणि म्हणाला, "ई तो हम लोगों का बैठका है, चाचा."

"हाँ," चाचा म्हणाले. "तो फिर सँभाल के खोलो."

मी त्या दिवसासारखं खणणं पुन्हा पाहिलं नाही. उरलेली जमीन संध्याकाळी पूर्ण उघडी झाली. रविवारी मशीन आलं. कंत्राटदाराचा इंजिनिअर उतरून तावातावानं आला, खड्ड्यात डोकावला आणि मार्टाबाई काही बोलायच्या आत रामविलासनंच त्याला पट दाखवून कसं खेळतात ते हिंदीत समजवायला सुरुवात केली. त्या इंजिनिअरला हिंदी येत नव्हती. तरी तो ऐकत होता. मग त्यानं फोन काढला. मशीन तिथंच बंद करून उभं राहिलं, दोन दिवस. कचेरीतली माणसं आली, मापं घेतली, वाद झाला. शेवटी लाईन वाळवंटाच्या बाजूनं वळवायची ठरली. मार्टाबाईंनी चाचांना तसं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शुक्रन, मॅडम," आणि चहाची शिट्टी वाजवली. दहा वाजले होते.

तो त्यांचा शेवटचा हंगाम. वयामुळं पुढं व्हिसा मिळणार नाही हे त्यांना आधीपासून माहीत होतं, आम्हांला मार्चमध्ये कळलं. शेवटच्या दिवशी खोली परत झाकायची होती. खणलेलं उघडं ठेवलं तर वारा एका उन्हाळ्यात खाऊन टाकतो. चाचांनी खोलीभर पांढरं जाड कापड अंथरलं, पटावर स्वतःच्या हातानं चाळलेली वाळू घातली, मग बाकीच्यांनी घमेली ओतली. दुपारी तिथं पुन्हा एक साधी टेकडी झाली.

मी त्यांच्यासाठी पटाच्या चित्राची एक प्रत काढून आणली होती, गुंडाळी करून, वर रिबीन. निरोपाचं काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं. सामान मोजून होईपर्यंत उशीर झाला आणि मी धावत गेले तेव्हा मजुरांची बस सुरू होऊन उभी होती. मी पायरीवर चढले.

चाचा तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसले होते आणि गाढ झोपले होते. तोंड जरा उघडं, रुमाल घसरलेला, डोकं रामविलासच्या खांद्यावर. दोन्ही बूट काढून पायांशी नीट जोडीनं ठेवलेले. बसमध्ये एरवी केवढा कालवा असायचा. आज चौदाजणांत एकही बोलत नव्हता. पुढच्या रांगेतल्या नेपाळ्यानं ड्रायव्हरला सांगून गाण्याचा आवाज बंद करायला लावला होता.

रामविलासनं मला पाहिलं. तो हलला नाही. फक्त मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं, आणि मग तोच हात पुढं केला. मी गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि पाय न वाजवता खाली उतरले.